एक खुर्ची, चार माणसं: रुग्णालय व्यवस्थापन शिकणाऱ्यांचे प्रश्न

रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असलेल्या, किंवा प्रवेश घ्यावा की नाही अशा विचारात पडलेल्या वाचकांची पत्रं गेल्या काही दिवसांत बरीच साठली होती. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. आकडेमोडीबद्दलचे प्रश्न जास्त आहेत, आणि ते बरंच झालं, कारण वर्गात यावरच सर्वांत घाईनं बोललं जातं.

प्रश्न: मी वैद्यकीय पदवीधर आहे, धाकटी बहीण वाणिज्य शाखेची. दोघींनाही रुग्णालय प्रशासनात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे. डॉक्टर नसलेल्याला इथे कायम दुय्यम राहावं लागतं का? आणि अभ्यासक्रम निवडताना नेमकं काय पाहायचं?

दोघीही कच्च्या आहेत, फक्त वेगवेगळ्या जागी. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी ताप आलेल्या रुग्णाला घरी का पाठवत नाहीत, हे तुम्हाला सांगावं लागणार नाही. पण यंत्राचा घसारा, देखभालीच्या करारातल्या अटी, निविदेतली तांत्रिक पात्रता हे तुम्ही बहुधा कधी वाचलेलंच नसेल. बहिणीचं उलटं. ताळेबंद तिला दिसेल, पण अतिदक्षता विभागातली रिकामी खाट जनरल वॉर्डाच्या गर्दीसाठी सरसकट का वापरता येत नाही, हे कागदावरून कळणार नाही.

यावर उपाय आहे. बहिणीनं पहिल्या सहामाहीत वीस केसपेपर घ्यावेत, दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंतचे. ते ओळीनं वाचून रुग्ण जिथे जिथे कशाची तरी वाट पाहत थांबला (रिपोर्ट, रक्त, तज्ज्ञाचं मत, विमा कंपनीची मंजुरी) तिथे पेन्सिलीनं खूण करावी. औषधांची नावं कळली नाहीत तरी चालेल, थांबे कळले पाहिजेत. तुम्ही हिशोब विभागात बसून एका वॉर्डाचा रुग्णामागे रोजचा खर्च काढून पाहा. पगार आणि औषधं सहज निघतील. वीज, धुलाई, लिफ्ट, सुरक्षारक्षक यांचा वाटा त्या वॉर्डावर कोणत्या हिशोबानं टाकायचा, इथे अडाल. ते अडणं म्हणजेच अभ्यास. राहिला दुय्यमपणाचा मुद्दा. शिकागो विद्यापीठात 1934 साली या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा करणारे मायकेल डेव्हिस डॉक्टर नव्हते, त्यांचा मूळ विषय समाजशास्त्र.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातली विषयांची यादी बाजूला ठेवा, ती सगळीकडे सारखीच असते. चार गोष्टी विचारा. प्रत्यक्ष रुग्णालयात किती दिवस? एका विभागात सलग किती? (दिवसाला एक विभाग म्हणजे सहल.) रात्रपाळी बघायला मिळते का? आणि नोंदवहीवर सही कोण करतं, विभागात रोज काम करणारा माणूस की महिन्यातून एकदा येणारे प्राध्यापक? शेवटी ग्रंथालयात जाऊन मागच्या तुकडीचे पाच प्रबंध चाळायला मागा. पाचही ‘रुग्णांच्या समाधानाचा अभ्यास’ निघाले, तर समजून जा.

प्रश्न: 120 खाटांच्या रुग्णालयात प्रकल्प करतो आहे. जून महिन्यात 747 रुग्ण घरी गेले. मी काढलेलं खाटांच्या वापराचं प्रमाण 104 टक्के आलं. मार्गदर्शक म्हणतात चुकलंय, रेकॉर्ड विभाग म्हणतो बरोबर आहे. चूक कुठे?

तुमचे आकडेच चूक सांगताहेत. 120 खाटा आणि 30 दिवस म्हणजे 3,600 खाट-दिवस. 104 टक्के यायला सुमारे 3,735 रुग्ण-दिवस लागतात. त्यातून 747 वजा करा, 2,988 उरतात. त्याला 3,600 नं भागलं की बरोबर 83 टक्के. म्हणजे प्रत्येक रुग्णामागे एक दिवस जास्तीचा मोजला गेलाय. दाखल झाल्याचा दिवसही धरला आणि घरी गेल्याचाही. सोमवारी आलेला आणि गुरुवारी गेलेला रुग्ण तीन दिवसांचा, चार नव्हे. मध्यरात्री वॉर्डात जितकी डोकी, तितके त्या दिवसाचे रुग्ण-दिवस, असा रिवाज आहे. तो पाळला की ही चूक होतच नाही. बिल विभाग मात्र अनेकदा दोन्ही दिवस लावतो. त्यामुळे बिलाच्या संगणकातून घेतलेली ‘दिवस’ची बेरीज इथे उपयोगाची नसते. तुमचा आकडा तिथून आला असावा.

ताळा पाहायची एक सोपी युक्ती आहे. खाट रिकामी झाल्यापासून पुढचा रुग्ण येईपर्यंत सरासरी किती वेळ जातो ते काढा. रिकामे खाट-दिवस भागिले घरी गेलेले रुग्ण. बरोबर आकड्यांनी 612 भागिले 747, म्हणजे 0.82 दिवस, सुमारे 20 तास. तुमच्या आकड्यांनी हे उत्तर उणे येईल, साधारण उणे सव्वाचार तास. म्हणजे जुना रुग्ण उठायच्या चार तास आधी नवा त्याच खाटेवर झोपलाय! असं उणे उत्तर आलं की एकतर मोजणी चुकली, नाहीतर जमिनीवर गाद्या घातल्या आहेत. दोन्ही शक्यता स्वतः वॉर्डात जाऊन पाहाव्यात.

शंभराच्या वर जायची आणखी कारणं असतात. बाळंतिणीशेजारचे पाळणे अंशात धरले आणि छेदात नाही. डायलिसिससाठी सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे रुग्ण दाखल रुग्णांत मिसळले. किंवा छेदात मंजूर खाटा घेतल्या, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त मांडलेल्या आहेत. उलटही होतं. रंगकामासाठी दोन आठवडे बंद ठेवलेला वॉर्ड छेदात तसाच राहतो आणि वापर उगाच कमी दिसतो. प्रकल्पात प्रत्येक टक्केवारीखाली छेदात काय धरलं ते एका ओळीत लिहा. परीक्षक तेच शोधत असतो.

मुक्कामाची सरासरीही त्याच अहवालात असेल. तुमच्याकडे 2,988 भागिले 747, म्हणजे बरोबर 4 दिवस. पण सरासरीवर विसंबू नका. दहा रुग्णांपैकी नऊ जण 3 दिवस राहिले आणि एक जण 43 दिवस, तर सरासरी 7 येते. सात दिवस मात्र कोणीच राहिलेलं नसतं. शेजारी मध्यक (सगळे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) द्या, तो इथे 3 आहे. आणि त्या 43 दिवसांच्या रुग्णाची फाईल काढून वाचा, कारण बऱ्याचदा तो आजारापेक्षा न्यायला कोणी नसल्यामुळे थांबलेला असतो.

प्रश्न: वॉर्डात एका वेळी एक परिचारिका हवी असेल तर तीन पाळ्यांना तीन परिचारिका पुरतात. मग मेट्रन (मुख्य परिचारिका) चारच्या वर पदं का मागतात? व्यवस्थापनाच्या नजरेतून ही फुगवलेली मागणी नाही का?

नाही. हा हिशोब एकदा स्वतः केलात की हा प्रश्न पुन्हा पडणार नाही. मेट्रनच्या टेबलावर बसून करा, त्यांचं ड्युटी रजिस्टर समोर ठेवून.

एक खुर्ची वर्षभर, तिन्ही पाळ्यांत भरलेली ठेवायची म्हणजे 365 गुणिले 3, म्हणजे 1,095 पाळ्या. आता एक माणूस वर्षात किती पाळ्या करतो? 365 मधून साप्ताहिक सुट्या 52, अर्जित रजा 30, इतर सुट्या 10, किरकोळ रजा 8 वजा करा. उरले 265. (तुमच्या संस्थेचे रजेचे नियम वेगळे असतील, तेच आकडे घाला.) 1,095 ला 265 नं भागलं की 4.13. तीन माणसांवर ती खुर्ची चालवली तर वर्षातल्या 300 पाळ्यांना कोणीच नसतं. म्हणजे कोणीतरी दुहेरी पाळी करतं, किंवा शेजारच्या वॉर्डाची सिस्टर दोन्हीकडे धावते. आजारपण आणि बाळंतपणाची रजा अजून धरलेलीच नाही.

पूर्ण वॉर्डाचं गणित असंच. सकाळी 4, दुपारी 3, रात्री 2, म्हणजे दिवसाला 9 पाळ्या. 9 गुणिले 365 भागिले 265, उत्तर 12.4. नऊ नाही, बारा पूर्णांक चार.

हे पूर्णांकानंतरचे चार कुठे टाकायचे, यात मौज आहे. तीन वॉर्डांना प्रत्येकी 12.4 असेल आणि प्रत्येक वॉर्ड वर ओढून 13 केला, तर 39 पदं होतात. तिन्ही एकत्र धरून 37.2, म्हणजे 38 पुरतात. म्हणून बारा-बारा जणी वॉर्डाला पक्क्या आणि दोन जणी फिरत्या, अशी मांडणी करतात. कागदावर ती छान दिसते. बिघडते कुठे? फिरत्या परिचारिकेला जनरल वॉर्डातून अतिदक्षता विभागात पाठवलं जातं आणि व्हेंटिलेटरचा अलार्म कशाचा ते तिला ओळखू येत नाही. फिरता गट सारख्या कामांच्या विभागांपुरताच ठेवावा.

विद्यार्थी नेहमी विसरतात अशा आणखी दोन बाबी आहेत. पहिली, पाळीबदलाची वेळ. आठ तासांच्या तीन पाळ्या म्हणजे नेमके 24 तास. मग काम सोपवायला वेळ कुठला? येणारीला अर्धा तास आधी यावं लागतं, किंवा जाणारीला थांबावं लागतं. तो वेळ पाळीत धरलेला नसेल, तर निरोप दारातल्या दारात दिले जातात, आणि ‘बारा नंबरला रात्री इन्सुलिन दिलंय’ हे वाक्य हरवतं. दुसरी, मध्यरात्रीची मोजदाद. खाटांच्या वापरासाठी ती योग्य असली तरी कामाचा भार ती दाखवत नाही. दुपारी बाराला एक रुग्ण घरी गेला आणि दोनला त्याच खाटेवर दुसरा आला, तर मध्यरात्री एकच डोकं मोजलं जातं. परिचारिकेनं मात्र एकाला घरी पाठवायचं आणि दुसऱ्याला दाखल करायचं अशी दोन्ही कामं केली, आणि मुक्कामातली सर्वांत जास्त कागदपत्रं याच दोन वेळांना असतात. मनुष्यबळाचा अहवाल लिहिताना रोजचे दाखल आणि घरी गेलेले रुग्ण वेगळे मांडा.

मेट्रनकडे जायची वेळ सांभाळा. पाळीबदलाच्या वेळी आणि राउंड चालू असताना जाऊ नका. दुपारी तीनच्या सुमारास बोलणं होतं.

प्रश्न: बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीवर उपाय सुचवायचा आहे. डॉक्टर रिकामे बसू नयेत म्हणून दर तासाला जास्तीत जास्त रुग्णांना वेळ द्यावी, असं मी सुचवणार आहे. चालेल?

सुचवण्याआधी हे पाहा. एक डॉक्टर एका रुग्णाला सरासरी 5 मिनिटं देतात, म्हणजे तासाला 12. तासाला 9 रुग्ण आले, तर रांगेतलं सरासरी थांबणं 15 मिनिटं येतं. 10 आले तर 25 मिनिटं. 11 आले तर 55. शेवटचा एकच रुग्ण वाढला आणि थांबणं दुपटीहून जास्त झालं. (रुग्ण वाट्टेल तेव्हा येतात आणि तपासणीची वेळही बरीच कमीजास्त होते, या गृहीतावर हे साधं सूत्र बसवलंय. रुग्ण वेळा पाळून आले तर आकडे यापेक्षा खाली येतात.) डॉक्टरांचा प्रत्येक मिनिट भरायचा म्हटलं, की त्याची किंमत बाकावर बसलेला रुग्ण मोजतो. डॉक्टरांचा 80 टक्क्यांच्या आसपास वेळ भरून थांबलात तर दिवसभर रांग हलत राहते.

बाकांचा अंदाज काढायला जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध करून दाखवलेला नियम पुरतो. आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले राहण्याचा वेळ. तासाला 40 रुग्ण येतात आणि प्रत्येक जण दीड तास असतो, तर कोणत्याही क्षणी 60 रुग्ण आत आहेत. प्रत्येकाबरोबर एक जण आला, तर 120. 45 खुर्च्यांच्या दालनात गोंधळ का होतो, याचं उत्तर मिळालं.

घड्याळ लावताना मात्र केसपेपरच्या खिडकीपासून सुरुवात करू नका. रांग त्याच्या आधी, फाटकाबाहेर लागलेली असते. तिथे चिठ्ठी द्या, तिच्यावर वेळ टाका, आणि तीच चिठ्ठी औषधाच्या खिडकीवर परत घ्या. आणि एक गोष्ट नाजूक आहे, पण मोजलीच पाहिजे. ओपीडीची छापील वेळ 9 आणि पहिला रुग्ण आत गेला 9.40 ला, तर सकाळची सगळी रांग त्या 40 मिनिटांतून तयार झालेली असू शकते. हा आकडा नाव न घालता, विभागवार द्या.

प्रश्न: औषध भांडारात मला एबीसी आणि व्हीईडी विश्लेषण करायला सांगितलं आहे. वर्गवारी झाली, पण पुढे तिचं करायचं काय?

वर्गवारी करून फाईल बंद करणारेच जास्त असतात, तेव्हा हा प्रश्न चांगला. एबीसी खर्चावर बेततं. साधारण 10 टक्के वस्तू 70 टक्के पैसा खातात, त्या ए. पुढच्या 20 टक्के वस्तू 20 टक्के पैसा, त्या बी. उरलेल्या सी. व्हीईडी गरजेवर बेततं, म्हणजे वस्तू नसली तर जीव जाईल (व्ही), काम अडेल (ई), किंवा चालून जाईल (डी). दोन्ही एकमेकांवर ठेवलं की नऊ घरं होतात. ए मधलं सगळं आणि व्ही मधलं सगळं मिळून पहिला गट. बी आणि सी मधल्या ‘काम अडेल’वाल्या वस्तू आणि बी मधल्या ‘चालून जाईल’वाल्या, हा दुसरा. उरलेला तिसरा, त्याचा साठा वर्षाला एकदा घेतला तरी भागतं. पहिल्या गटाकडे रोज पाहायचं. सी पण व्ही असलेलं घर सर्वांत फसवं असतं. किंमत किरकोळ म्हणून वरिष्ठ विचारत नाहीत, आणि मध्यरात्री अॅट्रोपिनसारखं तातडीचं इंजेक्शन नसतं.

व्हीईडी भांडारपालाकडून एकट्यानं भरून घेऊ नका. डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांना वेगवेगळी यादी द्या आणि जिथे मतं फुटतील तिथे एकत्र बसवा. सगळ्यांनाच विचारलं तर सगळंच ‘जीव जाईल’ या रकान्यात जातं. तेव्हा आधीच सांगून ठेवा की त्या रकान्याला मर्यादा आहे.

मागणीची पातळी काढताना सलाईनच्या बाटल्यांचं उदाहरण घेऊ. 90 दिवसांत 3,000 बाटल्या गेल्या. विद्यार्थी भागाकार करतो, रोजच्या 33. पण त्यातले 15 दिवस साठाच नव्हता! खरा खप 3,000 भागिले 75, रोजच्या 40. माल यायला 12 दिवस लागतात, वर 5 दिवसांचा राखीव. 40 गुणिले 17, म्हणजे 680 बाटल्या उरल्या की मागणी गेली पाहिजे. 33 नं केलं असतं तर 560 च्या आसपास थांबलो असतो, म्हणजे तीन दिवस उशीर. तुटवड्याच्या काळातला कमी खप पुढच्या तुटवड्याची सोय करतो. ते 12 दिवसही पुरवठादाराला फोन केल्यापासून धरायचे नाहीत. इंडेंटवर (मागणीपत्रावर) पहिली सही झाल्यापासून बाटली फळीवर लागेपर्यंतचे धरायचे. यातला बराच वेळ आपल्याच इमारतीत, सह्यांच्या ट्रेमध्ये जातो.

प्रश्न: निर्जंतुकीकरण विभागात पंधरा दिवसांची नेमणूक आहे. तिथे व्यवस्थापनाचं काय शिकणार?

अवजारांचा प्रवास एकाच दिशेनं होतो का, हे पाहण्यात पहिले दोन दिवस घालवा. मळकट, धुतलेलं, निर्जंतुक, असे तीन भाग. नकाशात ते वेगळे असतातच. प्रत्यक्षात एकच ट्रॉली मळकट आणून निर्जंतुक परत नेते का? धुणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत बांधणीच्या टेबलावर येतो का?

मग ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची नोंदवही. 121 अंश सेल्सिअसला किमान 15 मिनिटं किंवा 134 अंशाला किमान 3 मिनिटं, हे आकडे पाठ असतील. पण ही मिनिटं सगळा भार त्या तापमानाला पोचल्यानंतरची आहेत, आणि गाठोड्याच्या व यंत्राच्या प्रकारानुसार ती वाढतात. निर्वात पद्धतीच्या यंत्रात रोज पहिल्या फेरीआधी बोवी-डिक चाचणी होते. ती हवा पूर्ण निघते की नाही ते दाखवते, जंतू मेले की नाही ते नाही. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला सहज दाद न देणाऱ्या जंतूचे बीजाणू असलेली कुपी असते. गाठोड्यावरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे इतकंच कळतं, की गाठोडं उष्णतेतून जाऊन आलंय. आत काय झालं ते टेप सांगत नाही.

गाठोडं उघडल्यावर तळाशी ओल दिसली तर ते बाद. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. ओल का राहते ते शोधा, प्रकल्पाचा विषय तिथेच सापडेल. ताट आडवं ठेवल्यानं पाणी साचलं, खण ठासून भरला, गरम गाठोडं थंड लोखंडी फळीवर ठेवलं, किंवा ‘ओटीतून (शस्त्रक्रियागृहातून) फोन आला’ म्हणून सुकवण्याची मिनिटं कापली. चौथं कारण व्यवस्थापनाचं आहे. फोन का येतो, तर अवजारांचे सेट कमी आहेत. दिवसाला त्या शस्त्रक्रिया किती, सेट किती, आणि एका सेटला परत यायला किती तास लागतात, हे मांडलं की किती सेट घ्यायचे ते निघतं.

प्रश्न: प्रबंधासाठी 384 रुग्णांचं समाधान-सर्वेक्षण ठरलंय. हा आकडा मला दिला गेला, कुठून आला माहीत नाही. विषय बदलावा का?

384 येतो असा: 1.96 चा वर्ग गुणिले 0.5 गुणिले 0.5, भागिले 0.05 चा वर्ग. म्हणजे 95 टक्के खात्री आणि उत्तर दोन्ही बाजूंना 5 टक्क्यांपर्यंत चुकायला सूट. दहा टक्के सूट चालत असेल तर 96 पुरतात. तुमच्या काळात सगळे मिळून 600 रुग्णच येणार असतील, तर दुरुस्ती करून सुमारे 235. पण नमुना यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा) असेल तरच या आकड्यांना अर्थ आहे. बिलाच्या खिडकीशी उभं राहून, गणवेशातल्या माणसानं ‘समाधानी आहात का’ विचारलं, तर 384 काय आणि 3,840 काय, उत्तर ‘हो’च येणार.

मार्गदर्शक तयार असतील तर विषय बदला. ‘आज घरी जा’ म्हटल्यापासून खाट पुढच्या रुग्णासाठी तयार होईपर्यंत किती वेळ जातो, हा घ्या. आठ वेळा टिपायच्या: डॉक्टरांचा निर्णय, डिस्चार्ज कार्ड लिहून पूर्ण, उरलेली औषधं भांडारात परत, बिल तयार, पैसे किंवा मंजुरी, कार्ड समजावून सांगितलं, रुग्ण उठला, खाट स्वच्छ. साठ रुग्णांच्या आठही वेळा नीट मिळाल्या तरी काम भक्कम होतं. बहुतेक जण बिलाच्या खिडकीला दोष देऊन मोकळे होतात. वेळा लिहिल्या की अनेकदा दिसतं, की निर्णय सकाळी दहाला झाला, पण कार्ड लिहिणारे निवासी डॉक्टर दुपारी दोनपर्यंत शस्त्रक्रियागृहात होते.

शस्त्रक्रियेत रस असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची सुरक्षा-सूची घ्या. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी अशा तीन थांब्यांवर 19 बाबी तपासायच्या असतात. फाईलमधल्या सूच्या मोजू नका, त्या भरलेल्याच असतात. आत उभं राहून पाहा, छेद घेण्याआधी सगळे खरंच थांबले का, की शेवटी एकाच पेनानं सगळ्या चौकोनांत खुणा झाल्या. संरचना, प्रक्रिया आणि परिणाम ही आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक डोनाबेडियन यांची 1966 ची विभागणी प्रस्तावनेत सगळेच लिहितात. इथे ती कामाला येते: छापील सूची ही संरचना, थांबणं ही प्रक्रिया.

नीतीसमितीची परवानगी आकडे गोळा करण्याआधी घ्या. मागाहून मिळत नाही.

प्रश्न: या सगळ्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?

साधी स्प्रेडशीट. रकाने गोठवणं, पिव्होट टेबल, मध्यक, आणि वेळांची वजाबाकी एवढं आलं की वरची सगळी गणितं होतात. फक्त वेळ टिपताना तारीखही त्याच रकान्यात घाला. रात्री 11.50 ला निर्णय झाला आणि 12.20 ला खाट रिकामी झाली, तर तारखेशिवाय शीट उणे साडेतेवीस तास दाखवते, आणि तसे चार-पाच रुग्ण असले की तुमच्या सरासरीचं काय झालं हे कोणाला कळतही नाही.